इशारा लघवीत, तपासणी मात्र रक्ताची

मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका काही वर्षे आधी सांगू शकणाऱ्या लघवीतील प्रथिनांवर जगभर संशोधन सुरू आहे. मात्र यातील सर्वांत जुन्या आणि स्वस्त चाचणीचाच पुरेसा वापर होत नसताना नव्या चाचण्यांकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी, याचा हा आढावा.

मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार बहुधा गाजावाजा न करता वाढतो. पायावर सूज, धाप लागणे, भूक मंदावणे ही लक्षणे जाणवू लागेपर्यंत मूत्रपिंडांची बरीचशी कार्यक्षमता नष्ट झालेली असते. त्यामुळे अनेक रुग्णांना आपल्या आजाराची पहिली जाणीव होते ती डायलिसिसचा सल्ला मिळतो तेव्हाच. आठवड्यातून दोन ते तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून घ्यायचे, त्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, सोबत घरातील एका माणसाचा रोजगारही बुडवायचा, असा हा उपचार आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना यांमुळे गरीब रुग्णांना मोठा आधार मिळाला, हे खरे. परंतु हा आधार आजाराच्या अखेरच्या टप्प्यावरचा आहे. त्या टप्प्यापर्यंत रुग्ण पोहोचूच नये यासाठी काय करता येईल, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

या प्रश्नाची दखल आता आंतरराष्ट्रीय पातळीवरही घेतली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने मे २०२५ मध्ये मूत्रपिंडांच्या आरोग्याविषयी स्वतंत्र ठराव संमत केला आणि सदस्य देशांना प्रतिबंध व लवकर निदान यांवर भर देण्याचे आवाहन केले. भारतासाठी हा विषय किती मोठा आहे, हे सांगायला एकच आकडा पुरेसा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण याच पाहणीत ३५ टक्क्यांहून अधिक आढळले. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे आहेत. तथापि, या कोट्यवधी लोकांपैकी सर्वांचीच मूत्रपिंडे निकामी होत नाहीत. ती कोणाची होतील, हे आधी ओळखता आले तर मर्यादित साधने नेमकी तेथे वापरता येतील. लघवीतील प्रथिनांचे महत्त्व येथेच आहे.

मेणबत्तीच्या ज्योतीपासून

हा विचार नवा नाही. लंडनच्या गाइज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज असलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवली की काही रुग्णांच्या लघवीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा साका धरतो, आणि अशा रुग्णांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडे विकृत झालेली आढळतात, असे त्यांनी दाखवून दिले. तो साका अल्ब्युमिन या प्रथिनाचा होता. पुढे कित्येक दशके मूत्रपिंडविकाराला ब्राइट यांच्याच नावाने ओळखले जात होते.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सर्व शरीरात परत घेतला जातो आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. हे काम करणाऱ्या सूक्ष्म गाळण्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख असतात. गाळणी शाबूत असेल तर अल्ब्युमिनसारखे मोठे प्रथिन रक्तातच अडवले जाते. मधुमेहामुळे किंवा वाढलेल्या रक्तदाबामुळे गाळणीवर ताण आला की ते झिरपू लागते. सुरुवातीला ही गळती इतकी अल्प असते की तापवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीत किंवा साध्या पट्टीवर ती दिसत नाही. अशी अल्प गळती मोजण्याची पद्धत हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली. डेन्मार्कचे डॉ. कार्ल एरिक मोगेन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवले की मधुमेहींच्या लघवीतील ही सूक्ष्म गळती पुढील काळातील उघड मूत्रपिंडविकार आणि अकाली मृत्यू या दोहोंची पूर्वसूचना देते. लघवीतील एखादे प्रथिन केवळ निदानासाठी नव्हे, तर भाकितासाठी वापरता येते, ही कल्पना तेव्हापासून वैद्यकशास्त्रात स्थिरावली.

दोन चाचण्या, दोन अर्थ

आजही मूत्रपिंडाची तपासणी म्हटले की सर्वसामान्यपणे रक्तातील क्रिएटिनिन मोजले जाते. ही चाचणी आवश्यकच आहे. त्यावरून मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता किती उरली आहे, याचा अंदाज बांधता येतो. पण तिची एक मर्यादा आहे. मूत्रपिंडांची राखीव क्षमता मोठी असल्याने सुमारे निम्मी कार्यशक्ती गेली तरी क्रिएटिनिनचा आकडा प्रयोगशाळेच्या अहवालातील 'सामान्य' रकान्यात राहू शकतो. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होत असल्याने कृश व्यक्तीत तो आकडा फसवा ठरतो. क्रिएटिनिन आतापर्यंत काय गमावले ते सांगते. लघवीतील अल्ब्युमिन पुढे काय गमावण्याची शक्यता आहे ते सुचवते.

त्यासाठी लघवीच्या एकाच नमुन्यात अल्ब्युमिन व क्रिएटिनिन मोजून त्यांचे गुणोत्तर काढले जाते. हे गुणोत्तर एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ते सामान्य किंवा किंचित वाढलेले मानतात. ३० ते ३०० म्हणजे मध्यम वाढ, तर ३०० च्या वर म्हणजे तीव्र वाढ. चोवीस तासांची लघवी साठवण्याचा खटाटोप यात करावा लागत नाही.

या आकड्याचे वजन किती, हे २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणाने स्पष्ट केले. अनेक देशांतील १२ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या या अभ्यासात असे आढळले की, गाळण्याची क्षमता चांगली असलेल्या लोकांतही लघवीतील अल्ब्युमिन वाढले की मृत्यूचा, विशेषतः हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका वाढतो. त्यानंतर मूत्रपिंडविकाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २०१२ पासून केवळ क्रिएटिनिनवरील टप्पा न देता त्याच्या जोडीला अल्ब्युमिनचा टप्पाही लिहिला जाऊ लागला.

भाकिताचे प्रत्यक्ष गणित मांडले ते कॅनडातील डॉ. नवदीप तंगरी आणि सहकाऱ्यांनी, २०११ मध्ये. रुग्णाचे वय, लिंग, गाळण्याची क्षमता आणि लघवीतील अल्ब्युमिनचे गुणोत्तर या चारच गोष्टींवरून पुढील दोन व पाच वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याची शक्यता टक्केवारीत सांगणारे हे सूत्र आहे. २०१६ मध्ये ३० हून अधिक देशांतील ७ लाखांवर लोकांच्या माहितीवर ते पडताळण्यात आले. ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २०२१ मध्ये त्याचा स्वीकार केला. पाच वर्षांतील धोका ५ टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर रुग्णाला मूत्रपिंडतज्ज्ञाकडे पाठवावे, असे ती तत्त्वे सांगतात.

याचा व्यवहारातील अर्थ असा. समवयस्क अशा दोन पुरुषांची गाळण्याची क्षमता मोजली असता दोघांचाही आकडा ४० येतो. एकाच्या लघवीतील अल्ब्युमिनचे गुणोत्तर २० आहे, दुसऱ्याचे १५००. रक्ताच्या अहवालात दोघे सारखेच आजारी दिसतात. प्रत्यक्षात डायलिसिसपर्यंत पोहोचण्याचा दुसऱ्याचा धोका पहिल्याच्या कितीतरी पट असतो. लघवी तपासलीच नाही, तर हा फरक डॉक्टरांना कळण्याचा मार्ग उरत नाही आणि हे सूत्रही वापरता येत नाही.

अल्ब्युमिनच्या पलीकडे

असे असले तरी अल्ब्युमिन हा परिपूर्ण सूचक नव्हे. ते प्रामुख्याने गाळणीची अवस्था सांगते. गाळलेला द्रव पुढे ज्या सूक्ष्म नलिकांतून जातो, त्या नलिकांना व त्यांच्या भोवतालच्या ऊतींना झालेली इजा अल्ब्युमिनवरून नेहमीच कळत नाही. मूत्रपिंडाचे दीर्घकालीन भवितव्य मात्र या ऊतींत किती व्रण साचला आहे, यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. तो पाहण्यासाठी आजही सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढावा लागतो. वारंवार करण्यासारखी ही तपासणी नाही. म्हणूनच लघवीतील इतर प्रथिनांचा शोध सुरू झाला. त्यांना जैवसूचक, म्हणजेच बायोमार्कर, असे म्हटले जाते.

यातील 'किम-१' हे प्रथिन नलिकांच्या पेशींना इजा झाली की लघवीत दिसू लागते. नव्या औषधांचा मूत्रपिंडांवरील विषारी परिणाम प्राण्यांवरील चाचण्यांत ओळखण्यासाठी अमेरिका व युरोपच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये ज्या सात प्रथिनांना मान्यता दिली, त्यांत त्याचा समावेश होता. 'एनगॅल' हे दुसरे प्रथिन मूत्रपिंडाला अचानक झालेल्या इजेचा इशारा देते. अमेरिकेतील डॉ. प्रसाद देवराजन यांच्या गटाने २००५ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती त्यांच्या लघवीत हे प्रथिन दोन तासांत वाढलेले आढळले. क्रिएटिनिन वाढायला एक ते तीन दिवस लागले. अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी अन्य दोन प्रथिनांवर आधारित चाचणीला अमेरिकेत २०१४ मध्ये, तर 'एनगॅल'च्या चाचणीला बालके व तरुणांसाठी २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

काही प्रथिनांचे कमी होणे हाच इशारा असतो. निरोगी नलिका 'ईजीएफ' हे वाढीस साह्य करणारे प्रथिन लघवीत सोडतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे प्रमाण जितके कमी तितका ऊतींतील व्रण अधिक, असे आढळले. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वाधिक असणाऱ्या युरोमोड्युलिनबाबतही असेच निरीक्षण आहे. याहून पुढचे पाऊल म्हणजे एखाद्या प्रथिनावर विसंबून न राहता लघवीतील प्रथिनांच्या शेकडो तुकड्यांचा एकत्रित ठसा पाहणे. युरोपमध्ये विकसित झालेल्या 'सीकेडी-२७३' या चाचणीत असे २७३ तुकडे तपासले जातात. त्यांत कोलॅजेनचे तुकडे मोठ्या संख्येने आहेत. मूत्रपिंडात कोलॅजेन साचू लागले, म्हणजेच व्रण तयार होऊ लागला, की लघवीत येणारे त्याचे तुकडे घटतात, असे यामागील तत्त्व मानले जाते.

भाकीत खरे ठरले, उपाय फसला

या चाचणीची खरी परीक्षा 'प्रायॉरिटी' नावाच्या युरोपीय अभ्यासात झाली. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. लघवीतील अल्ब्युमिन पूर्णपणे सामान्य असलेल्या १,७७५ मधुमेहींची चाचणी घेण्यात आली. त्यांपैकी २१६ जणांचा ठसा धोक्याचा निघाला. सुमारे अडीच वर्षांच्या काळात या गटातील २८ टक्के रुग्णांच्या लघवीत अल्ब्युमिन वाढले. उर्वरितांत हे प्रमाण ९ टक्के होते. म्हणजे अल्ब्युमिनच्याही आधी धोका ओळखता येतो, हे सिद्ध झाले.

मात्र याच अभ्यासाचा दुसरा भाग निराशाजनक ठरला. धोका असलेल्या गटातील निम्म्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देण्यात आले होते. त्याने आजार रोखण्यात लक्षणीय फरक पडला नाही. संकट येणार हे कळले, पण ते टाळण्याचे साधन हाती नव्हते. अशा वेळी रुग्णाच्या वाट्याला केवळ चिंता येते.

दुसरी अडचण तुलनेची आहे. नव्या सूचकाने धोका दाखवणे पुरेसे नाही; क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन मिळून जे आधीच सांगतात, त्यात त्याने भर घालायला हवी. अमेरिकेतील मूत्रपिंडविकाराच्या ३ हजार ३०० हून अधिक रुग्णांच्या दीर्घकालीन अभ्यासात 'एनगॅल' या निकषावर उतरले नाही. त्याचा धोक्याशी संबंध आढळला, परंतु भाकिताच्या अचूकतेत त्याने भर पडली नाही, असा निष्कर्ष २०१३ मध्ये नोंदवण्यात आला. अचानक झालेल्या इजेत उपयुक्त ठरणारे प्रथिन संथ गतीने वाढणाऱ्या आजारातही तितकेच उपयोगी पडेल असे नाही, हा त्यातून मिळालेला धडा. मास स्पेक्ट्रोमेट्रीसारखी महागडी यंत्रणा आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या निष्कर्षांतील तफावत या अडचणी आहेतच.

औषधे आली, चाचणी मागे राहिली

उलट, अल्ब्युमिनच्या बाबतीत चित्र गेल्या काही वर्षांत पालटले आहे. मूळची मधुमेहाची म्हणून आलेली काही औषधे मूत्रपिंडांचेही रक्षण करतात, असे मोठ्या अभ्यासांतून निष्पन्न झाले. कॅनाग्लिफ्लोझिनने २०१९ मध्ये आणि डापाग्लिफ्लोझिनने २०२० मध्ये मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका अनुक्रमे ३० आणि ३९ टक्क्यांनी कमी करून दाखवला. लक्षणीय बाब म्हणजे या दोन्ही अभ्यासांत रुग्णांची निवडच लघवीतील अल्ब्युमिनवरून झाली होती. फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन एकत्र दिल्यास कोणत्याही एका औषधापेक्षा अल्ब्युमिन सुमारे ३० टक्के अधिक घटते, हे २०२५ मधील अभ्यासात दिसले. 'आयजीए नेफ्रोपॅथी' या विकारावरील अनेक नव्या औषधांना अमेरिकेच्या नियामकांनी २०२१ पासून त्वरित मान्यता दिली, तीही लघवीतील प्रथिने कमी झाली याच पुराव्यावर.

भारतात डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट २०२० मध्ये, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. त्यानंतर देशी कंपन्यांची उत्पादने बाजारात आली आणि किमती मोठ्या प्रमाणात उतरल्या. मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी करावी, अशी शिफारस देशी-विदेशी मार्गदर्शक तत्त्वांत कित्येक वर्षांपासून आहे. तिचे पालन श्रीमंत देशांतही यथातथाच होते. अमेरिकेतील आरोग्यसंस्थांच्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरात ही चाचणी झालेल्या मधुमेहींचे प्रमाण जेमतेम निम्मे होते. आपल्याकडे तीस वर्षांवरील लोकांच्या सरकारी तपासणी मोहिमांचा भर रक्तशर्करा आणि रक्तदाब यांवर राहिला आहे. खासगी प्रयोगशाळेत या चाचणीला काही शे रुपये लागतात. साखरेची चाचणी नियमितपणे करणारा रुग्णही लघवीचा नमुना मात्र देत नाही, कारण त्याला तसे कोणी सांगितलेले नसते.

जेथे अल्ब्युमिन पुरे पडत नाही

तरीही नव्या प्रथिनांचे संशोधन ही केवळ श्रीमंत देशांची चैन आहे, असे म्हणता येणार नाही. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या शेतकरी-शेतमजुरांची मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण फार मोठे आहे. तेथील पलासा येथे २०२३ मध्ये स्वतंत्र संशोधन केंद्र व रुग्णालय उभारावे लागले. गोव्याच्या काणकोण तालुक्यातही कारण न उमगलेल्या मूत्रपिंडविकाराची नोंद संशोधकांनी केली आहे. श्रीलंका आणि मध्य अमेरिकेतही असाच आजार आहे. या विकारात इजा मुख्यतः नलिका आणि भोवतालच्या ऊतींना होते. त्यामुळे लघवीतील अल्ब्युमिन बऱ्याच रुग्णांत कमी असते किंवा आढळतच नाही. अल्ब्युमिनवर विसंबून तेथे तपासणी मोहीम राबवली तर अनेक रुग्ण निरोगी म्हणून घरी पाठवले जातील. अशा भागांत क्रिएटिनिनची तपासणी अनिवार्य ठरते आणि नलिकांची इजा दाखवणाऱ्या प्रथिनांची खरी गरज भासते.

पावसाळ्यात कोकणात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश, तीव्र अतिसार यांतही मूत्रपिंडांना अचानक इजा होते. ग्रामीण रुग्णालयातून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात कधी हलवायचे, हा निर्णय तेथे तासांवर येतो. लघवीतील प्रथिनाची स्वस्त पट्टी अशा ठिकाणी उपलब्ध झाली तर तिचे मोल मोठे असेल.

उपकेंद्रातील पट्टी

जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासली जाते. नेदरलँड्समध्ये ४५ ते ८० वयोगटातील १५ हजार लोकांना घरच्या घरी नमुना घेण्याचे साधन देऊन पाहणी करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टपालाने नमुना पाठवण्यास सांगितलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, तर मोबाइल फोनवरून चाचणी करण्यास सांगितलेल्यांपैकी ४४ टक्क्यांनी. साधी पद्धत अधिक चालली.

महाराष्ट्रात याची पायाभरणी झालेलीच आहे. गरोदर महिलांची लघवी पट्टीने तपासून त्यात अल्ब्युमिन आहे का, हे पाहण्याचे काम आरोग्यसेविका वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. तीच पट्टी गावातील मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी वापरता येईल. अर्थात साधी पट्टी सूक्ष्म गळती पकडत नाही. त्यामुळे ती कोरी निघाली तरी मधुमेहींचे गुणोत्तर तालुका पातळीवर तपासावेच लागेल. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, जड व्यायाम यांमुळेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. म्हणून एका अहवालावरून कोणालाही मूत्रपिंडाचा रुग्ण ठरवू नये, तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करून खात्री करावी, ही शिस्त पाळावी लागेल. अन्यथा निष्कारण घबराट आणि नको तेवढी औषधे, असा उलटा परिणाम संभवतो.

चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातील मूत्रपिंडविकाराच्या चार हजारांहून अधिक रुग्णांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेण्यात आला आहे. परदेशात तयार झालेली भाकिताची सूत्रे आणि नवी प्रथिने भारतीय रुग्णांना कितपत लागू पडतात, हे अशा अभ्यासांतूनच ठरेल. ते उत्तर मिळेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर साखर आणि रक्तदाबाच्या शेजारी लघवीतील अल्ब्युमिनचा आकडा वर्षातून एकदा लिहिला जावा, आणि तो वाढलेला असेल तर औषध सरकारी दवाखान्यात मिळावे, एवढी व्यवस्था आजच्या ज्ञानावर आणि आजच्या किमतीत करता येण्यासारखी आहे. डायलिसिसच्या खाटा वाढवण्यासाठी दरवर्षी तरतूद करणाऱ्या यंत्रणेने या एका रकान्याचा खर्चही एकदा मांडून पाहायला हवा.